मजकूर आधी माग

प्रिय,

तुझी लांबलचक मेल वाचली. क्लायंटने होमपेज पुन्हा बदलायला सांगितलंय, आधी पसंत केलेली अक्षरं आता त्यांना 'फिकी' वाटतायत, आणि वर 'काहीतरी मिसिंग आहे' असा मोघम शेरा. तुझं म्हणणं, या लोकांना डिझाइनमधलं काही कळत नाही. नसेलही. पण ते कळत असतं तर तुला काम कशाला दिलं असतं? त्यांना त्यांचा धंदा कळतो, आणि तो तुला कळत नाही, हेही तितकंच खरं.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. तू पाठवलेल्या डिझाइनमध्ये सगळीकडे लोरेम इप्सम होतं, म्हणजे नुसती जागा भरायला टाकलेला लॅटिनसारखा निरर्थक मजकूर. खोटा मजकूर समोर ठेवला की माणूस रंग आणि आकार यांवरच बोलणार, कारण बोलण्यासारखं दुसरं काही त्या पानावर नसतंच. 'आमच्या सेवा' खाली तू सारख्या उंचीचे सहा चौकोन मांडलेस, प्रत्येकात दोन शब्दांचं नाव आणि दोन ओळींचं वर्णन. दिसतात छान. खरी यादी आली की एका सेवेचं नाव सहा शब्दांचं निघेल, दुसरीचं वर्णनच नसेल, आणि सेवा सहाच्या ऐवजी अकरा असतील. मग मांडणी विस्कटणार आणि खापर क्लायंटच्या माथी. साइट देवनागरीत असेल तर आणखी एक गंमत: रोमन अक्षरांसाठी ठेवलेली घट्ट लाइन-हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, तशीच राहिली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. लोरेम इप्समवर हे तुला कधीच दिसणार नाही.

म्हणून मजकूर आधी. पण नुसतं 'कंटेंट पाठवा' म्हटलंस तर 'उद्या देतो'वर महिना जाईल. त्यात आळस कमी आणि कोऱ्या पानाची धास्ती जास्त असते. त्यापेक्षा अर्धा तास बोलायला बस आणि प्रश्न विचार. लोक फोन करून सगळ्यात जास्त काय विचारतात? कुठल्या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन तुम्ही वैतागलात? काम देण्याआधी माणूस कशाला अडतो? साइटवर आलेल्याने शेवटी करायचं काय: फोन, फॉर्म की खरेदी? त्यांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड कर आणि त्यातून पहिला मसुदा तूच लिही. लिहायला कुणी तयार नसतं, पण दुसऱ्याचं लिखाण खोडायला सगळे हौसेने बसतात. या कामाचे पैसे कोटेशनमध्ये धर, फुकट करू नकोस.

आता 'फिकी'बद्दल. त्यावर तू लगेच वेगळा रंग देऊन मोकळं व्हायला निघालास की काय? थांब. आधी विचार, कुठे बघितलंत? मोबाइलवर? उन्हात? वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची डब्ल्यूसीएजी नावाची सुगम्यतेची, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची, नियमावली आहे; तिच्या एए या मधल्या पातळीवर नेहमीच्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद फरक, लागतो, मोठ्या अक्षरांना ३ : १. तुझा तो लाडका करडा, रंगाच्या कोडमध्ये सहा वेळा ९ लिहून येणारा, पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरतो. म्हणजे क्लायंटचं बरोबर होतं, फक्त सांगायची भाषा त्यांची होती. तो कोड ७६७६७६ करण्याइतका रंग गडद केलास की अट पूर्ण होते आणि तुझा साधेपणाही शाबूत राहतो. क्लायंटची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, त्यांनी सुचवलेला उपाय मात्र क्वचितच. तू तक्रार घे, उपाय तुझा तू शोध. आणि तो सांगताना 'मला हे आवडतं' म्हणू नकोस. तुझ्या आवडीला त्यांच्या आवडीइतकंच वजन. 'मोबाइलवर वाचता येत नाही' याला मात्र दोघांनाही मान द्यावा लागतो.

शेवटचं 'हो' कोण म्हणणार, हे पहिल्याच मीटिंगला विचारून घे. 'पार्टनरना एकदा दाखवतो' असं काम संपताना ऐकू आलं तर ते पार्टनर पहिल्या दिवशी समोर असायला हवे होते. व्हॉइस नोटवर आलेले बदल त्याच दिवशी मेलवर लिहून 'असंच ना?' म्हणून पाठव. किती फेऱ्यांचे बदल ठरलेल्या पैशात बसतात, तेही त्यातच. त्यापुढचं काही आलं की तोंड वाकडं करू नकोस आणि गुपचूप करूनही देऊ नकोस. 'करता येईल, दोन दिवस आणि एवढे पैसे लागतील' इतकं पुरतं. निम्म्या मागण्या तिथेच मागे घेतल्या जातात.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यांच्याच नावावर, त्यांच्याच ईमेलवर घे. सोयीचं म्हणून स्वतःच्या खात्यात ठेवायचा मोह होतो, पण ते बरं नव्हे. डॉट कॉमसारखं नाव मुदत संपून काढून टाकलं गेलं, तर पुढचे ३० दिवस ते सोडवून घेता येतं, पण रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारा, वेगळं शुल्क लावतो आणि तो हक्क ज्याच्या नावावर नोंदणी त्याचा. तोवर तू दुसरीकडे नोकरीला असशील. फॉन्ट आणि फोटोंचे परवानेही त्यांच्या हाती दे.

आता हे चालू प्रकरण. आज नवं डिझाइन पाठवू नकोस, फोन कर. त्यांना स्वतःच्या मोबाइलवर पान उघडायला सांग आणि म्हण, 'तुम्ही पहिल्यांदाच आलेलं गिऱ्हाईक आहात असं समजा, आता काय शोधाल?' आणि गप्प बस. अंगठा कुठे थांबतो ते त्यांच्याच तोंडून ऐक. माझा अंदाज, ते 'मिसिंग' म्हणजे फोन नंबर असणार; तू तो थेट फूटरमध्ये, पानाच्या तळाशी, नेऊन ठेवलायस. पैशांचा दुसरा हप्ता राहिलाय म्हणालास ना? तोही विषय याच फोनवर काढ, वेगळी मेल नको.

तुझा,
काका