बाळाचं विणकाम: वाचकांच्या शंका

भाचीला मार्चमध्ये बाळ होणार आहे. बारशाला स्वेटर, टोपरं आणि मोजे असा सेट विणून द्यायचा आहे. माप कोणतं धरू आणि लोकर किती घेऊ?
– एक वाचक, सातारा

बारशाच्या वेळच्या मापाचा लोकरी सेट विणू नका. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये बारसं म्हणजे पुढे तीन महिने ऊन आणि मग पावसाळा. थंडी पडेपर्यंत बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालेलं असेल आणि तुमचा सेट एकदाही अंगाला न लागता लहान झालेला असेल. आधी महिना मोजा, मग टाके. सेट बारशालाच द्या, पण पुढच्या डिसेंबरच्या मापाचा. सोबत चिठ्ठी ठेवा: ‘नवव्या महिन्यापासून’.

नऊ महिन्यांच्या बाळाची छाती साधारण ४५ सेंमी असते. आत झबलं असतं, हातपाय सतत हलत असतात, म्हणून ५ सेंमी ढिलाई धरून स्वेटरचा घेर ५० सेंमी ठेवा. डोक्याचा घेरही जवळपास छातीएवढाच, ४४-४५ सेंमी असतो. बंद गळ्याचा स्वेटर डोक्यात अडकतो तो यामुळेच. म्हणून पुढून पूर्ण उघडा स्वेटर विणा, म्हणजे बाळाला निजवूनही घालता येतो.

चार पदरी बेबी लोकर आणि १० नंबरच्या सुया घेतल्या, तर स्वेटरला सुमारे १५० ग्रॅम, टोपऱ्याला ४० आणि मोज्यांना २५ ग्रॅम लागते. २५० ग्रॅम घ्या आणि सगळी एकदमच घ्या. लेबलवर रंगाच्या नंबराखेरीज लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर असतो, तो प्रत्येक गुंड्यावर एकच आहे ना, हे दुकानातच बघा. वेगळ्या लॉटचा फरक ट्यूबलाइटखाली दिसत नाही, उन्हात नेलं की छातीवर आडवी रेघ दिसते. दुसरा लॉट गळ्यात पडलाच, तर तो फक्त पट्ट्यांना वापरा.

नमुना विणल्याशिवाय सुरुवात नको. ३५ टाके घालून १२ सेंमी विणा, एक ओळ सुलट, एक उलट. धुवा, वाळवा आणि मधल्या भागात १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. २८ बसले तर ५० सेंमीला १४० टाके. तुमचा हात सैल असेल आणि २६ बसत असतील, तर त्याच १४० टाक्यांचा स्वेटर जवळजवळ ५४ सेंमीचा होईल. तेव्हा सुई एक नंबर बारीक, म्हणजे ११ नंबरची घ्या.

माझ्या टोपऱ्याची कड इतकी घट्ट होते की बाळाच्या कपाळावर वळ उठतो. वरचा भाग मात्र ढगळ राहतो. तीन महिन्यांच्या बाळासाठी नीट हिशोब सांगाल का?
– एक वाचक, अकोला

कड घट्ट होते ती टाके घालताना. टाके कमी पडलेले नसतात, ते सुईवर आवळून बसलेले असतात. टाके ८ नंबरच्या जाड सुईवर घाला, मग लगेच ११ नंबर घेऊन कडेची पट्टी विणा. ढगळपणाचं कारण वेगळं: घट, म्हणजे टाके कमी करणं, सुरू करण्याआधीचा सरळ भाग जास्त लांब होतो.

तीन महिन्यांच्या डोक्याचा घेर सुमारे ४० सेंमी. टोपरं त्याहून ५-६ सेंमी कमीच हवं, कारण ते ताणूनच बसतं. वर सांगितलेल्या लोकरीचे ९८ टाके घ्या. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी, शेवटी दोन सुलट. दोन्ही कडांना दोन-दोन सुलट आल्यामुळे शिवणीत एकेक टाका आत गेला, तरी पट्टीची रांग तुटत नाही. पट्टी ३ सेंमी झाली की १० नंबरवर या आणि एक ओळ सुलट, एक उलट अशी सुरुवातीपासून ११ सेंमी होईपर्यंत जा.

आता घट. सुलट ओळीत कडेचा १ टाका, मग ‘१० सुलट, २ एकत्र’ असं आठ वेळा, शेवटी कडेचा १. सुईवर ९० टाके राहिले पाहिजेत. पुढची ओळ पूर्ण उलट. त्यानंतरच्या सुलट ओळीत ‘९ सुलट, २ एकत्र’, मग ८, मग ७. दर सुलट ओळीत ८ टाके कमी होत जातात. १० उरले की धागा हातभर ठेवून कापा, सुईदोऱ्याने सगळ्या टाक्यांतून ओढून घ्या, आवळा आणि त्याच धाग्याने शिवण घाला. उंची १७ सेंमीच्या आसपास येते.

वर गोंडा लावू नका. त्यातली लोकर सुटते आणि बाळाच्या तोंडात जाते. हनुवटीखाली बांधायची दोरीही नको, ती गळ्याभोवती आवळू शकते. कान झाकायचे असतील तर पट्टी ३ ऐवजी ५ सेंमी विणा, सरळ भागही तेवढाच वाढवा आणि पट्टी कानावर ओढा. आणि घरात झोपताना टोपरं काढायचं, हे टोपरं देतानाच सांगा. बाळाच्या अंगातली जादा उष्णता डोक्यावाटे बरीच बाहेर पडते. ती कोंडली की बाळ तापतं.

चार ओळी खाली टाका सुटलेला आज दिसला. सगळं उसवायचं का?
– एक वाचक, बेळगाव

नाही. आधी त्या फासात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो आणखी खाली उतरणार नाही. मग विणत विणत बरोबर त्याच्या डोक्यावर या. सुटलेल्या फासाच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. क्रोशाची सुई सुलट बाजूने फासात घाला, सगळ्यात खालची पायरी पकडा आणि फासातून पुढे ओढा. नवा फास तयार झाला, आता त्याच्या वरची पायरी. अशा चारही पायऱ्या क्रमाने चढा आणि शेवटचा फास डाव्या सुईवर ठेवा. त्याची उजवी बाजू सुईच्या पुढे हवी, नाहीतर टाका पिळलेला दिसतो. एखादी पायरी राहिली तर मागे सैल धागा लोंबतो आणि बाळाचं बोट त्यातच अडकतं. सुटलेला टाका उलट बाजूचा असेल तर काम फिरवून हेच करा.

आईने लिहून पाठवलेल्या कृतीप्रमाणे ८ नंबरच्या सुया घेतल्या, तर सगळं जाळीदार आणि मोठं झालं. काय चुकलं?
– एक वाचक, न्यू जर्सी

नंबर दोन्हीकडे उलटे चालतात. भारतात नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत जाड. आपली ८ नंबरची सुई ४ मिमीची, तुमच्याकडची ५ मिमीची. आईच्या ८ नंबरला तिथे ६ नंबर घ्या, ९ ला ५ आणि १० ला ३. सुईवर मिमी छापलेले असतात, तेच बघितलेलं बरं.

मला फक्त सुलट टाका येतो. मैत्रिणीच्या बाळासाठी दुपटं जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तम जमेल. सगळ्या ओळी सुलट विणलेलं कापड कडेला वळत नाही, हा मोठा फायदा. सुती धागा ३०० ग्रॅम आणि ४ मिमीच्या, मध्ये वायर असलेल्या गोल सुया घ्या. टाके वाढत जातात, साध्या सुयांवर मावणार नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरू करा. ४ टाके घाला. प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट, दुसऱ्या टाक्यात पुढून आणि मागून विणून त्याचे दोन करा, बाकी सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो. उरलेला धागा स्वयंपाकघरातल्या काट्यावर अधूनमधून तोलत राहा. १५५ ग्रॅम उरला की घट सुरू: पहिला सुलट, पुढचे दोन एकत्र, बाकी सुलट. ४ टाके उरले की बंद करा. चौरस आपोआप होतो, टाके मोजावे लागत नाहीत.

विणून ठेवलेल्या कपड्यांत डांबरगोळ्या घातल्या तर चालतील ना?
– एक वाचक, कोल्हापूर

बाळाच्या कपड्यांत अजिबात नको. डांबरगोळीतलं नॅप्थलीन कपड्यात मुरतं. ‘जी-सिक्स-पीडी’ या घटकाची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते. अशी कमतरता बाहेरून दिसत नाही. ॲक्रिलिकला, म्हणजे कृत्रिम लोकरीला, मुळात कसर लागतच नाही, तेव्हा गोळ्यांची गरजही नाही. शुद्ध लोकर असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीत ठेवा. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. आणि ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, एकदा चपटं आणि लुळं पडलं की ते पुन्हा फुगत नाही.