धामण गोठ्यात कशासाठी येते?

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या गोठ्यात दोनदा धामण दिसली आणि त्याच दिवसांत गायीचे दूध घटले, सडांना चिराही पडल्या आहेत. धामण गायीच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पिते आणि ती नागाची मादी असल्यामुळे तिला मारले तर नाग डूख धरतो, असे आमची आजी सांगते. यात तथ्य किती?
— एक वाचक, जिल्हा सांगली

उत्तर : आजींनी जे पाहिले ते खोटे नाही. धामण गोठ्यात येते आणि ती आली त्या दिवशी दूध कमी निघते, हे दोन्ही खरे असू शकते. चूक आहे ती या दोन गोष्टींची सांगड घालण्यात.

पेंड आणि भुसा जेथे, तेथे उंदीर, आणि उंदीर जेथे, तेथे धामण. वासराला दूध ओढण्यासाठी जसे मऊ ओठ आणि गाल असतात तसे सापाला नसतात. त्याचे दात सुईसारखे अणकुचीदार आणि घशाकडे वळलेले असतात, ते पकडलेले भक्ष्य निसटू नये म्हणून. असे दात सडात रुतल्यावर गाय निमूटपणे उभी राहील, हे निदान धार काढणाऱ्या माणसाला तरी पटू नये. (नागपंचमीला नाग दूध पितो तो गारुड्याने त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवल्यामुळे, दूध हे त्याचे अन्नच नव्हे.)

मग दूध का घटले? भ्यालेली गाय पान्हा चोरते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पान्हा सुटण्यासाठी गायीच्या शरीरात जो स्राव काम करतो, त्याला भीतीच्या वेळी सुटणारा दुसरा स्राव अडवतो, म्हणून दूध कासेत असूनही उतरत नाही. पायांजवळून दोन मीटर लांबीचा साप सरपटत गेला, तर एवढे होण्यास तेवढेच पुरे आहे. चिरा मात्र वासराच्या दातांनी, काट्याकुट्यांनी किंवा कोरड्या हवेनेही पडतात. त्यांतून रोगजंतू आत शिरले तर कासदाह होतो आणि तोही दूध घटण्याचे मोठे कारण आहे.

धामण आणि नाग या दोन निराळ्या जाती आहेत. धामणींत नर असतात आणि नागांत माद्याही असतात. उलट नाग इतर सापांना खातो, आणि त्यात धामणही आली. शेतात दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसतात, ती ‘जुळण’ समजून लोक हात जोडतात, त्यांच्यावर नवे कापडही टाकतात. प्रत्यक्षात ती बहुधा दोन नरांची झुंज असते. डूख धरण्यासाठी माणूस ओळखून ठेवावा लागतो. सापाची नजर हालचाल टिपते, चेहरे लक्षात ठेवत नाही.

धामण बिनविषारी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिला मारणे हा गुन्हा आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते तोट्याचेही आहे, कारण तिने न खाल्लेले उंदीर पुढे नागाला आणि घोणसला गोठ्याकडे ओढून आणतात. पेंडीची पोती जमिनीपासून उंचावर ठेवा, भिंतीतील बिळे बुजवा. पुन्हा धामण दिसली तर वाट मोकळी करून द्या, ती आपण होऊन निघून जाईल. सडांच्या चिरांसाठी मात्र पशुवैद्यकांना आजच बोलवा.