सायकलच्या चाकाने शेताची लांबी मोजता येते का? π म्हणून २२/७ घ्यावा की ३.१४?

येते. मी रावेरकडे केळीसाठी ठिबक टाकताना तेच केलं होतं, आणि चुकलोही होतो.

चाक न घसरता एक फेरी फिरलं की त्याचा अख्खा घेर जमिनीवर अंथरला जातो. म्हणून अंतर म्हणजे घेर गुणिले फेऱ्या. आमची जुनी सायकल २८ इंची, म्हणून चाकाचा व्यास २८ इंच धरला; घेर म्हणजे व्यास गुणिले π. २८ गुणिले २२/७ म्हणजे बरोबर ८८ इंच, साधारण २.२३५ मीटर. स्पोकला लाल चिंधी बांधली, सायकल हाताने ढकलत नेली, चिंधी खाली आली की एक. ओळीला १०० फेऱ्या भरल्या. म्हणजे २२३.५ मीटर! ४० ओळींची नळी त्या हिशेबाने आणली. अंथरली तर दर ओळीला साडेतीन मीटर उरायला लागली. १४० मीटर नळी अजून गोठ्यात लटकतेय.

दोष π चा नव्हता. २८ इंच हे टायरचं नावापुरतं माप. टायर घासलेला, हवा कमी, त्यामुळे खरी फेरी २.२० मीटरचीच होती. २२/७ ऐवजी ३.१४१६ घेतला असता तर १०० फेऱ्यांत जेमतेम नऊ सेंटिमीटरचा फरक पडला असता. भास्कराचार्यांनीही २२/७ ला स्थूल आणि ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटलंय. (त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे, जमलं तर बघून या.) शेताच्या कामाला स्थूल पुरतं.

तेव्हा व्यास मोजायच्या भानगडीत पडूच नका. डांबरी रस्त्यावर हवा भरायचा वाल बरोबर खाली आणून खडूने खूण करा, सरळ रेषेत दहा फेऱ्या चालवा, पुन्हा खूण. मधलं अंतर टेपने मोजून दहाने भागा. माझं २२ मीटर आलं, पण नळी आणल्यावर. हवा मात्र शेतात जाताना असेल तेवढीच ठेवा.

मोजायला पुढचं चाक घ्या आणि बांधाच्या कडेने, वाळलेल्या जमिनीवर न्या. नांगरटीत चाक ढेकळं चढतं-उतरतं, मग अंतर जास्त भरतं. पावसाळ्यात तर नादच सोडा. काळी माती टायरला अशी चिकटते की दहा पावलांत चाक मडगार्डमध्ये अडकतं आणि फिरायचं सोडून नुसतं घसरत जातं.