ऐच्छिक आहे, पण सगळेच देतात

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्याच आठवड्यात पालकांचे फोन आणि चिठ्ठ्या यायला लागतात. यंदा जवळपास सगळ्यांचा विषय एकच आहे, तो म्हणजे शाळा ‘मोफत’ असूनही खिशातून जाणारा पैसा. माझी सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात, लिपिकाच्या खुर्चीत गेली. त्यामुळे उत्तरांत कायदा येईल, आणि टेबलाच्या पलीकडे काय चालतं तेही येईल.

प्रश्न : मी ऑटो चालवतो, नागपुरात मानेवाडा भागात राहतो. मुलगी अनुदानित शाळेत सहावीत आहे. ‘शाळा विकास निधी’ म्हणून तीन हजार रुपये मागून राहिले. ऑफिसातल्या मॅडम म्हणतात ऐच्छिक आहे, पण सगळेच देतात. पावती मागितली तर “नंतर या” म्हणतात. नाही दिले तर पोरीला त्रास होईल का?

भाऊ, आधी कायदा बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाचं शिक्षण अडेल अशी कुठलीही फी, आकार किंवा खर्च त्याच्याकडून घेता येणार नाही, असं त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. तेराव्या कलमात प्रवेशाच्या वेळी देणगी घ्यायला बंदी आहे. शाळेनं जाहीर केलेल्या फीखेरीज घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी किंवा रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी, अशी कायद्यातली व्याख्या आहे. ती घेतल्याचं सिद्ध झालं तर घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड होतो. महाराष्ट्राचा स्वतःचा कॅपिटेशन फीबंदी कायदा तर १९८७ पासून आहे. म्हणजे ‘निधी’ असं नाव दिलं म्हणून ती रक्कम कायद्याच्या बाहेर जात नाही.

आता पलीकडची बाजू. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देतं. वीजबिल, खडू, झाडझूड, फुटलेली कौलं यांसाठी वेतनेतर अनुदान असतं, पण ते थोडं असतं आणि वेळेवर येईल याचा भरवसा नसतो. संस्था मग पालकांकडे बघते. हे मी नाकारत नाही. पण त्यातली मेख तुम्हाला माहीत असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ऑफिसात पावतीपुस्तकं दोन असतात, एक शाळेचं आणि एक संस्थेचं. शाळेच्या पुस्तकातली रक्कम कीर्दीत चढते, लेखापरीक्षणात दिसते. संस्थेच्या पुस्तकातली रक्कम ट्रस्टच्या हिशेबात जाते. आणि “नंतर या” म्हटलेली रक्कम कुठं जाते ते तुम्हीच ओळखा. खरी देणगी असेल तर पावती मिळतेच. ट्रस्टला ८०-जीची (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी) नोंदणी असेल तर तसा उल्लेखही पावतीवर असतो.

म्हणून तोंडी वाद घालू नका. मुख्याध्यापकांच्या नावानं चार ओळी लिहा : “माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता सहावीत आहे. शाळा विकास निधीचे ३,००० रुपये ऐच्छिक असल्याचे मला सांगण्यात आले. माझी ऐपत नसल्याने मी ते देऊ शकत नाही. रक्कम अनिवार्य असल्यास कोणत्या आदेशान्वये, ते कृपया लेखी कळवावे.” दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. यालाच आपण पोच म्हणतो. पत्रातली शेवटची ओळ फार कामाची आहे, कारण ‘अनिवार्य आहे’ असं कुणी मुख्याध्यापक सहीनिशी लिहून देत नाही. बहुतेक प्रकरणं इथंच मिटतात.

नाही मिटलं, तर तीच पोच जोडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे, सिव्हिल लाइन्सला, तक्रार करा. मुलगी नववी-दहावीत असती तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक). तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा असं ३२ वं कलम सांगतं. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे करता येतं.

राहिला त्रासाचा प्रश्न. होणारच नाही, अशी हमी मी देणार नाही. पण एक पथ्य पाळा. पत्र पोरीच्या दप्तरातून पाठवू नका, स्वतः नेऊन द्या. आणि तुमच्यासारखे आणखी चार-पाच पालक असतील तर सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र द्या, म्हणजे एकाच पोरीवर डोळा राहत नाही.

प्रश्न : वर्गशिक्षिकेनं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकली. पैसे भरलेल्यांसमोर हिरवी खूण, न भरलेल्यांसमोर ‘पेंडिंग’. माझ्या मुलाचं नाव खालून दुसरं. तो आता शाळेत जायला कुरकुर करतो.

ताई, स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख आणि वेळ दिसेल असा. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे, आणि सगळ्या वर्गासमोर नाव टांगणं छळातच मोडतं. ग्रुपवर मात्र उत्तर देऊ नका, तिथं फक्त तमाशा होतो. शाळा सुटल्यावर बाईंना एकट्यानं गाठा आणि यादी काढून टाकायला सांगा. माझा अनुभव असा, की या याद्या बाईंच्या डोक्यातून निघत नाहीत. वरून ‘तुमच्या वर्गाचे किती जमा झाले’ अशी विचारणा होते आणि बाई ती खाली ढकलतात. त्यांनाही सुटकेची वाट हवी असते. यादी तशीच राहिली तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

प्रश्न : आम्ही नागपुरातून कामठीला राहायला गेलो. मुलगा पाचवीत. जुनी शाळा म्हणते, बाकी भरा, मग टीसी. नवी शाळा म्हणते, टीसीशिवाय प्रवेश नाही.

दोन्ही शाळा चुकताहेत. पाचव्या कलमानुसार मुख्याध्यापकांनी टीसी ताबडतोब द्यायची असते, दिरंगाई केली तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि टीसी यायला उशीर झाला, या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मुलाला आजच वर्गात बसवा, कागद मागून येईल. फक्त जुन्या शाळेकडून युडायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत त्याचं नाव ड्रॉपबॉक्सला, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकून घ्या. ते झालं नाही तर नवी शाळा त्याला ऑनलाइन आपल्या पटावर घेऊ शकत नाही, आणि घोडं तिथंच अडतं.

प्रश्न : मी चार घरची धुणीभांडी करते. दोन्ही मुली महानगरपालिकेच्या शाळेत, तिसरी आणि सातवीत. फी नाही, हे खरं. पण कधी प्रोजेक्टचा कार्डशीट, कधी गॅदरिंगचा ड्रेस, कधी सहल. महिन्याला काही ना काही निघतंच. यातलं काय द्यावंच लागतं?

काकू, सगळ्या चिठ्ठ्यांत मला तुमची चिठ्ठी जास्त महत्त्वाची वाटली. तीन हजारांचा निधी निदान डोळ्यांत भरतो. पन्नास आणि ऐंशी रुपयांची मागणी कुणी मोजत नाही, आणि घर खचतं ते त्यानंच.

हक्कानं मिळायला हवं ते आधी. पाठ्यपुस्तकं पहिली ते आठवीपर्यंत मोफत. दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत मोफत, त्यासाठी ताटवाटीखेरीज काही मागायचं नाही. गणवेश समग्र शिक्षा योजनेतून, वर्षाला दोन जोड, जोडाला ३०० रुपये या दरानं. २०२३-२४ पासून राज्यानं बूट-मोज्यांसाठी विद्यार्थ्यामागे १७० रुपयेही ठेवले. एवढ्या पैशात कसला बूट येतो, हे बर्डीच्या बाजारात एकदा फिरलं की कळतं, पण मिळतात ते सोडू नका. मधल्या काळात ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापड वरूनच आलं आणि दिवाळी आली तरी कित्येक शाळांत शर्ट पोचले नव्हते. आता खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला आहे. म्हणजे मुलीला फ्रॉक आखूड आला किंवा मिळालाच नाही, तर जाब कुणाला विचारायचा ते ठरलेलं आहे. समितीतले तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

आता ऐच्छिक काय. सहल ऐच्छिक आहे. गॅदरिंगमधला भाग ऐच्छिक आहे. प्रोजेक्ट करायचा असतो, पण तो विकतच्या थर्मोकोलचाच हवा, असं मूल्यमापनाच्या कुठल्याही नियमात नाही. घरातल्या पुठ्ठ्यावर, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केलेल्या तक्त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत. बाईंना हे आधीच सांगून ठेवा, आदल्या रात्री दुकान शोधत फिरू नका. वह्या जूनमध्येच डझनाच्या भावानं घ्या. पुस्तकातच कोरी पानं जोडायचा सरकारचा प्रयोग आला तसा गेला, तेव्हा वह्या लागणारच.

गॅदरिंगच्या ड्रेसबद्दल मात्र मला रागच आहे. तीन मिनिटांच्या नाचासाठी चारशे रुपयांचं भाडं! कोळीगीत असेल तर घरच्या नऊवारीत होतं, शेतकरी गीत असेल तर धोतर-पागोट्यात. हे पालकसभेत मोठ्यानं बोला. तुम्ही बोललात की मागं बसलेल्या दहा जणी माना डोलावतील, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

प्रश्न : हिंगणा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी सदस्य आहे. सरांना टीव्ही आणि पाण्याचं फिल्टर घ्यायचं आहे, घरटी पाचशेची वर्गणी ठरवू म्हणतात. सर चांगले आहेत, पण अर्धं गाव मजुरीवर. विरोध कसा करू?

विरोध सरांना नको, ‘घरटी पाचशे’ला करा. गावानं शाळेला हात देणं ही आपल्याकडची जुनी चांगली रीत आहे. पण घरटी आकडा ठरला की ती वर्गणी राहत नाही, पट्टी होते, आणि मोफत शाळेत पट्टी बसवता येत नाही.

आधी बैठकीत संयुक्त शाळा अनुदानाचा हिशेब मागा. हे अनुदान पटावर ठरतं : तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारपर्यंत ७५ हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी राखायचे असतात, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या सोयीचा विषय तिथं बसवून बघता येईल. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतूनही शाळेच्या पाण्याची सोय होऊ शकते. ग्रामसभेत तसा ठराव मांडा. सरपंच टाळाटाळ करतील, पण ठराव लिहून घ्या. हिंगण्याला एमआयडीसी आहे, तिथल्या एखाद्या कारखान्याला सामाजिक दायित्व निधीतून टीव्ही मागायला समितीचं लेटरहेड पुरतं. कारखान्याला पैसे मागू नका, वस्तू मागा. वस्तू लवकर मिळते आणि हिशेबाची कटकट नसते.

एवढं करूनही लोकांकडून घ्यायचंच ठरलं, तर शाळेत बंद डबा ठेवा. कुणी किती टाकले ते नोंदवायचं नाही, बैठकीत सगळ्यांसमोर उघडून एकूण रक्कम तेवढी इतिवृत्तात लिहायची आणि समितीच्या खात्यात भरायची. ज्याच्याकडे पैसा नाही तो एक रविवार कुंपण बांधायला येईल. दात्यांची नावं फळ्यावर लिहायचा मोह मात्र आवरा, कारण फळ्यासमोर पोरं बसतात.

प्रश्न : मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा अनुदानित शाळेत आठवीत, हुशार आहे. मी शिवणकाम करते. नववीपासून खर्च वाढेल म्हणतात. काही आधार मिळेल का?

मिळेल, आणि दोन ठिकाणांहून. पहिला, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. वडील किंवा आई गमावलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात होतो, मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलाचं बोनाफाइड, रेशनकार्ड आणि आधारकार्डं एका फाइलीत तयार ठेवा. वेळ लागतो, पण एजंटाला पैसे देऊ नका, अर्जाला फी नाही.

दुसरा, आठवीत होणारी एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. अर्ज शाळेकडूनच ऑनलाइन भरला जातो, म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा. ऐन मुदतीत नाव राहून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे दोन पेपर, नव्वद-नव्वद प्रश्नांचे. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. आणि निवड झाल्यावर हौसेनं त्याला विनाअनुदानित शाळेत टाकू नका, शिष्यवृत्ती बंद होते.

तुम्ही अनुसूचित जातीतल्या असाल तर नववी-दहावीसाठी केंद्राची वेगळी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. पण ही आणि एनएमएमएस अशा दोन्ही शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत, मोठी असेल ती निवडा.

या सगळ्याआधी एक काम करा. बँकेत जाऊन मुलाचं आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते विचारा. कधी काळी शाळेनं काढलेलं शून्य शिलकीचं खातं बंद पडलेलं असतं, आधार मात्र त्यालाच चिकटलेलं असतं, आणि मंजूर झालेले पैसे परत जातात. उत्पन्नाचा दाखलाही सेतूवर जूनच्या गर्दीत मागू नका, गर्दी ओसरली की लगेच काढून ठेवा.