वाचकांचे प्रश्न: वलगण, बंधारे आणि माशांची शिडी

मागच्या अंकात नदीतल्या माशांवर दोन ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरून वाहायला लागला. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. ज्यांनी फक्त रेसिपी विचारली त्यांना या वेळी उत्तर नाही, का नाही ते पहिलं उत्तर वाचून कळेल.

प्रश्न: दादा, दरवर्षी जूनमध्ये बदलापूर-कर्जतकडचे रील येतात, लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून मच्छरदाणीने मासे पकडतायत. आमची आत्या म्हणते ही वलगण. हे मासे येतात कुठून आणि शेतात जाऊन करतात काय?
(मुलुंड पूर्व)

उत्तर: आत्याचं बरोबर आहे. पहिला दणकून पाऊस झाला, नदीला गढूळ पाणी आलं की उन्हाळाभर डोहात अडकून बसलेले मासे प्रवाहाच्या उलट निघतात, नदीतून ओढ्यात, ओढ्यातून नाल्यात आणि नाल्यातून थेट भाताच्या खाचरात. अंडी घालायला. खाचरातलं पाणी उथळ, मोठे शिकारी मासे तिथे कमी आणि पिल्लांना खायला बारीकसारीक जीव भरपूर, म्हणून एवढा खटाटोप. शिंगटी, मरळ, खवली, मळे, वाम, यादी मोठी आहे आणि नावं गावागणिक बदलतात, त्यामुळे मी लिहिलेलं नाव चुकीचं आहे असं कळवायला कोणी बसू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे यांनाच चढणीचे मासे म्हणतात. पिल्लं जरा मोठी झाली, पाणी ओसरायला लागलं की परत नदीत उतरतात, म्हणजे प्रवास दोन्ही बाजूंचा आहे, आपण फक्त चढण बघतो कारण जाळं तेव्हाच लागतं.

आता गंमत बघा. १ जूनपासून यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते, का, तर माशांना अंडी घालू द्यायची. मग बाजारात पापलेट-सुरमईचे भाव कडाडतात आणि आपण गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेला नदीचा मासा शोधत कर्जतला जातो. समुद्रात ज्या कारणासाठी बोटी थांबतात, ओढ्यात त्याच कारणाने वर आलेला मासा लोक सगळाच्या सगळा उचलतात. पूर्वीही पकडायचे, नाही असं नाही, पण पागातून, म्हणजे फेकजाळ्यातून, किंवा बांबूच्या सापळ्यातून बराच माल निसटायचा, मच्छरदाणीतून काहीच निसटत नाही. गाबोळी चवीला भारी असते हे मलाही मान्य आहे. म्हणूनच रेसिपी देत नाही.

प्रश्न: अमेरिकेत सॅमन माशांसाठी धरणाला शिड्या असतात असा व्हिडिओ बघितला. मुंबईला पाणी देणाऱ्या आपल्या धरणांना अशी शिडी का नाही? तानसा तर इंग्रजांच्या काळातलं आहे.
(भांडुप)

उत्तर: तानसा १८९२ चं, विहार त्याच्याही आधीचं, १८६० चं. तेव्हा या शहराला कॉलरा आणि पाणीटंचाईची काळजी होती, माशांची नव्हती, आणि खरं सांगायचं तर मध्य वैतरणा धरण झालं तेव्हाही फार वेगळं नव्हतं.

पण शिडी म्हणजे काय ते आधी बघू. पाण्याच्या टाक्या एकाच्या वर एक, मासा एकीतून दुसरीत जातो, मध्ये दम खातो. सॅमन दणकट आणि उड्या मारणारा, त्याला दोन टाक्यांमध्ये साधारण ३० सेंटिमीटरचा फरक चालतो. मध्य वैतरणा १०० मीटरहून उंच आहे, म्हणजे भागाकार केलात तर तीनशेच्या वर टाक्या, आणि आपली बोटभर शिंगटी काही सॅमन नाही, तिच्यासाठी पायरी निम्मी केली की टाक्या दुप्पट. बांधल्या समजा. वर पोचून मासा बघतो तर वाहती नदी नाहीच, कित्येक किलोमीटर साचलेलं पाणी, आणि त्याच्याही वर जाऊन अंडी घातली तर प्रवाहाबरोबर खाली येणारी पिल्लं त्या तलावात येऊन थांबणार आणि तिथल्या मोठ्या माशांच्या पोटात जाणार. शिडीने चढण सुटते, उतरण सुटत नाही.

शिवाय माशाला शिडी सापडायला पाहिजे! दादर स्टेशनला पहिल्यांदा आलेला माणूस पुलाखाली उभा राहून पूल कुठेय विचारतो तसंच होतं, मासा जातो जिथे पाण्याचा जोर जास्त तिथे, म्हणजे सांडव्याखाली किंवा टर्बाइनच्या तोंडाशी, आणि शिडी असते भलत्याच कोपऱ्यात रिकामी. म्हणून शिडीच्या तोंडाशी मुद्दाम जोराचा प्रवाह सोडावा लागतो. ते पाणी कोणाच्या वाट्याचं कमी करायचं, हा पुढचा वाद.

त्यामुळे मोठ्या धरणांवर शिडी मागण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. कमी उंचीच्या आडकाठ्यांची गोष्ट वेगळी. भातसा धरणाचं पाणी मुंबईला सरळ पाइपाने येत नाही, ते आधी नदीतून वाहत येतं आणि खाली पिसे बंधाऱ्यापाशी उचलतात. उल्हास नदीवर बदलापूरला बॅरेज, म्हणजे दारं असलेला बंधारा, आहे. अशा ठिकाणी वेळेवर उघडलेलं गेट किंवा बाजूने काढलेला दगडगोट्यांचा उतार खरंच उपयोगी पडू शकतो. युरोपात ३६ देशांत मोजणी केली तर नद्यांवर १२ लाखांहून जास्त अडथळे निघाले, आणि त्यातले दोन-तृतीयांशांहून जास्त दोन मीटरपेक्षाही बुटके. आपण भांडतो उंच भिंतीशी, मासा अडतो कमरेएवढ्या भिंतीला.

प्रश्न: राहतो लालबागला, गाव संगमेश्वरकडे. गावच्या नदीवर कोल्हापुरी बंधारा आहे. काका म्हणतात बंधारा झाल्यापासून वर मासा येत नाही. बंधारा तर पाहिजेच, उन्हाळ्यात विहिरींना पाणी त्यामुळेच टिकतं. मग करायचं काय?
(लालबाग)

उत्तर: तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला कारण याला उत्तर आहे, आणि तेही स्वस्तातलं. कोल्हापुरी बंधारा मुळात उघडझाप करण्यासाठीच असतो. खांबांच्या मधल्या गाळ्यांत पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकायचे, पावसाळ्याआधी काढायचे, हे पुरासाठी आणि गाळ वाहून जाण्यासाठी ठरवलेलं आहे पण माशांच्या वेळापत्रकाला जवळजवळ तंतोतंत बसतं. घोळ होतो तो अंमलबजावणीत. बरगे काढायला माणूस नाही, मजुरीचे पैसे आले नाहीत, गंजून अडकले, काढून ठेवले तर चोरीला जातात, मग वरचे दोन काढायचे आणि खालचे तसेच ठेवायचे. पाणी वरून पडतं म्हणून माणसाला वाटतं बंधारा उघडा आहे. तळाशी धरून पोहणाऱ्या माशासाठी तो बंदच.

तेव्हा पहिलं, बरगे पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी, तळापर्यंत, निदान नदीची मुख्य धार जिथून जाते त्या गाळ्यांतले तरी निघाले पाहिजेत. वलगण काही चार महिने चालत नाही, पहिल्या काही जोरदार सरींतच मोठी झुंबड होते, ती चुकली की वर्ष गेलं. दुसरं, बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन बघा, काँक्रीटचा तळ जिथे संपतो तिथली माती-वाळू पुराने खणून निघते आणि फूट-दोन फुटांची पायरी तयार होते. बरगे सगळे काढले तरी ही पायरी राहतेच. तिथे मोठे दगड लावून सावकाश चढणारा उतार केला तर बारका मासाही जातो. मात्र हे स्वतः पहार घेऊन करू नका, बंधारा ज्या खात्याचा आहे, जिल्हा परिषदेचा लघु पाटबंधारे विभाग किंवा जलसंपदा, त्यांना ग्रामपंचायतीचा ठराव देऊन करा, नाहीतर पाया उघडा पडला की तुमच्यावर येईल.

तिसरं बहुतेक जण विसरतात, रस्त्याखालची मोरी. ओढ्यावर पाइप टाकून रस्ता केला आणि पाइपाचं तोंड खालच्या पाण्यापासून हातभर वर लटकत राहिलं की ती मोरी मासळीसाठी भिंतच. नवीन रस्ता होताना पाइप ओढ्याच्या तळापेक्षा जरा खाली बसवा एवढं सांगायचं, खर्चात फारसा फरक पडत नाही. वनराई बंधाऱ्याची, म्हणजे माती भरलेल्या गोणी रचून केलेल्या तात्पुरत्या बांधाची, चिंता नको, तो पहिल्या पुरात निघून जातो, फक्त प्लॅस्टिकच्या गोणी आधी काढून घ्या.

काकांना आणखी एक विचारा, अहिर, म्हणजे सापासारखा लांबट मासा, दिसतो का. नदीतला अहिर वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात राहतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो, बोटभर पिल्लं तिथून परत वर येतात. मोठी गोड्या पाण्यातली कोलंबीही तशीच, पिल्लांना सुरुवातीला खाडीचं मचूळ पाणी लागतं, मग ती नदी चढतात. कोकणातल्या नद्या आखूड, एक बंधारा बंद राहिला तरी समुद्राचा रस्ता तुटला. अहिर कधीकाळी होता आणि आता नाही असं काका म्हणाले तर ठरावात तेही लिहा.

प्रश्न: आमच्या सोसायटीतले घोषबाबू म्हणतात हिलसा मासा पूर्वी अलाहाबादपर्यंत जायचा. थापा मारतायत का?
(पवई)

उत्तर: अजिबात नाही, अलाहाबादच्याही पुढे, यमुनेतून आग्र्यापर्यंत मिळायचा. १९७५ मध्ये फराक्का बॅरेज सुरू झालं, कोलकाता बंदरातला गाळ हटवायला गंगेचं पाणी हुगळीकडे वळवायचं म्हणून, दोन किलोमीटरहून लांब, आणि वरच्या गंगेतला हिलसा जवळजवळ संपला. मासा नाजूक, उडी मारणारा नाही, पाण्याबाहेर काढला की लगेच मरतो. बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था आता जिवंत हिलसा धरून, काहींना टॅग लावून फराक्क्याच्या वर सोडते. आपल्याकडे नर्मदेच्या मुखाशी भरूचला हिलसा येतो, तिथे भाडभूतला बॅरेजचं काम निघालंय आणि तिथले मच्छीमार हाच प्रश्न विचारतायत. घोषबाबूंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: नेदरलँड्समध्ये माशांसाठी डोअरबेल आहे म्हणे? खरंय का फेक?
(दादर)

उत्तर: खरंय. उत्रेख्त शहरात कालव्याचं जुनं लॉकगेट, म्हणजे बोटींसाठी उघडायचं पाण्यातलं दार, वसंत ऋतूत बंद असतं, मासे दाराशी गर्दी करतात आणि पक्षी त्यांना टिपतात. २०२१ पासून पाण्याखाली कॅमेरा लावलाय, जगात कुठूनही लाइव्ह बघा, मासा दिसला की बटण दाबा, गेटवाल्याला कळतं आणि तो दार उघडतो. आपल्याकडे जूनच्या गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसणार नाही, आणि गरजही नाही, पाऊस कधी लागला हे गेटवाल्याला छतावरच ऐकू येतं.

प्रश्न: एवढा त्रास कशाला, हॅचरीतली पिल्लं धरणात सोडली की झालं ना?
(विक्रोळी)

उत्तर: झालं असतं तर बरं होतं. लोणावळ्याला वळवण धरणापाशी टाटांची महसीर हॅचरी आहे, १९७० च्या दशकापासून आपल्या दख्खनी महसीरची, म्हणजे खडशीची, पिल्लं तयार होतात आणि कामाची दादच दिली पाहिजे. पण तीच पिल्लं कावेरीत सोडली गेली, जिथे ती मूळची नव्हेत, तिथे ती इतकी माजली की कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर मागे पडला आणि २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेला. दुसरं असं की पिल्लं सोडल्याने संख्या वाढते, रस्ता उघडत नाही, त्यांना मोठं होऊन अंडी घालायला वर जायचंच असतं आणि वर भिंत तशीच असते, मग दरवर्षी टेम्पो भरून पिल्लं आणत बसा. तुमच्या भागात कोणी मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम ठेवला, फोटोबिटो, तर जरूर जा पण दोन गोष्टी विचारा, ही जात या नदीतलीच आहे का आणि खालच्या बंधाऱ्याचे बरगे निघाले का. आणि आफ्रिकन मागूर असेल तर तिथेच थांबवा, तो पाळायलाही बंदी आहे.