गावाजवळची कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांनी नफ्यातून करायचा सामाजिक खर्च) पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट, हायमास्ट म्हणजे उंच खांबावरचे दिवे आणि रस्ता करून देते म्हणते. ग्रामपंचायतीने काय बघून होकार द्यावा?

तुमची यादी वाचून आमचंच गाव आठवलं. मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो आणि आम्हीही पहिल्या झटक्यात आरओ प्लांटच घेतला होता.

फीत कापली, फोटो झाले, पहिलं वर्ष झकास गेलं. पण आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, प्लांटमधली मेम्ब्रेन, म्हणजे गाळणीचा पडदा, चोंदली. ज्या संस्थेने प्लांट बसवला तिची माणसं फोन उचलेनात, कंपनीतले साहेब बदलून गेलेले. त्यातच कळलं की वीजमीटर ठेकेदाराच्या नावावर आहे आणि बिल थकलंय. ग्रामपंचायतीने ते भरायचं तर कोणत्या आधारावर? प्लांटची आमच्या दप्तरी नोंदच नव्हती. आज त्या खोलीत कडबा भरलेला असतो. कोनशिला मात्र अजून चकचकीत आहे.

म्हणून पहिल्या बैठकीत एवढंच विचारा: वस्तू कुणाच्या नावावर होणार आणि दुसऱ्या वर्षीचं बिल कोण भरणार? जानेवारी 2021 पासूनच्या नियमांप्रमाणे सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. ती सार्वजनिक यंत्रणेकडे, नोंदणीकृत संस्थेकडे किंवा लाभार्थी गटाकडे द्यावी लागते. ग्रामपंचायतीकडे येणार असेल तर हस्तांतरणाचं पत्र घ्या आणि मालमत्ता नोंदवहीत चढवा. अर्थात नाव तुमचं, तर बिलही तुमचंच. ते झेपणार नसेल तर बचत गटाला चालवायला द्या, पण तेही आधीच ठरवा.

"हा आपल्या हक्काचा पैसा" असं गावात कुणीतरी म्हणेलच. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही त्यात आहे, पण अमुक गावाला इतके द्या असं कुठे नाही. तेव्हा भांडून नव्हे, तयारीने मिळतं.

तयारी म्हणजे ग्रामसभेचा ठराव, जागेचे कागद आणि अंदाजपत्रक. ही फाइल दिवाळीपर्यंत हातात असू द्या. आर्थिक वर्षाच्या अखेरीला, मार्चच्या तोंडावर, कंपन्यांची घाई असते, कारण चालू प्रकल्पात न अडकलेला शिल्लक पैसा पुढे सरकारी निधीत भरावा लागतो. त्या घाईत जे पटकन उभं राहतं तेच गावाच्या गळ्यात पडतं: दिवे, बाकडी, कमान. त्याऐवजी बहुवर्षीय प्रकल्प मागा. तो सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे 3 वर्षांपर्यंत चालू शकतो, म्हणजे देखभालीचा खर्चही त्यातच बसवून घेता येतो. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर ज्याला बटण नाही ते आधी घ्या. शाळेची खोली, बंधाऱ्यातला गाळ काढणं, गटार. हायमास्ट सगळ्यात शेवटी.

रस्त्याचं म्हणाल तर नळयोजनेची पाइपलाइन आधी पुरून होऊ द्या. आमचा नवाकोरा काँक्रीट रस्ता चार महिन्यांत ब्रेकर लावून मधोमध फोडला. तो चर अजून तसाच आहे.