लॉगआउटनंतर ‘बॅक’ दाबलं की जुनं पान दिसतं. ‘नो-कॅश’ देऊनही फरक नाही. काय करावं?

‘कॅश-कंट्रोल: नो-कॅश’ हा हेडर (सर्व्हर पानासोबत पाठवतो ती सूचना) दिला तरी ब्राउझर पान साठवतोच; फक्त ते पुन्हा वापरण्याआधी सर्व्हरला विचारतो. आणि ‘बॅक’ दाबल्यावर तेवढंही विचारायचं बंधन त्याच्यावर नाही. म्हणून खात्याची माहिती असलेल्या पानांना ‘कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर’ द्या. तो प्रतिसाद मग साठवलाच जात नाही.

पण हे सगळ्या पानांना सरसकट लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. बातम्यांची यादी किंवा उत्पादनाचं पान डायनॅमिक (दर वेळी नव्याने बनणारं) असलं तरी गोपनीय नसतं. तिथे ‘नो-कॅश’सोबत ‘ईटॅग’ (पानाच्या त्या आवृत्तीची खूण) पाठवा. पुढच्या वेळी ब्राउझर तो टॅग ‘इफ-नन-मॅच’ या हेडरमध्ये परत पाठवतो, मजकूर बदलला नसेल तर सर्व्हर नुसतं ३०४ (‘बदल नाही’) उत्तर देतो, पूर्ण पान पुन्हा पाठवावं लागत नाही. पान वापरकर्त्यागणिक वेगळं असेल तर ‘प्रायव्हेट’ही जोडा, नाहीतर मधल्या प्रॉक्सीकडून (पानं साठवून अनेकांना देणाऱ्या सर्व्हरकडून) एकाचं पान दुसऱ्याला जाण्याचा धोका राहतो. हा धोका मला शिळ्या पानापेक्षा कितीतरी गंभीर वाटतो.

‘कॅश-कंट्रोल’ हेडर अजिबात न देणं हाही पर्याय नाही. तेव्हा ‘लास्ट-मॉडिफाइड’वरून (पान शेवटचं कधी बदललं ते सांगणाऱ्या हेडरवरून) पान किती वेळ ताजं मानायचं हे ब्राउझर स्वतःच ठरवू शकतो.

‘प्रॅग्मा: नो-कॅश’ जुन्या एचटीटीपी १.० मधलं, तेही विनंतीसाठीचं. प्रतिसादात त्याच्यावर विसंबू नका. बदल केल्यावर डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये हेडर खरोखर पोचतोय का ते पाहा. बऱ्याचदा फ्रेमवर्क किंवा सर्व्हरची सेटिंग तो परस्पर बदलते.